चेरोकीच्या मागच्या डिफरेन्शिअलची कुळकथा

जुन्या जीप चेरोकीचा, म्हणजे १९८४ ते २००१ मॉडेलच्या त्या चौकोनी एक्सजेचा विषय निघाला की दोन मिनिटांत कुणीतरी म्हणणारच, आधी ती मागची डाना ३५ काढून टाक, म्हणजे डिफरेन्शिअलसकट (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) तिचा मागचा एक्सल. सल्ला बरोबर आहे, पण ती डाना ३५ तिथे आलीच का आणि तिच्या जागी लोक चक्क फोर्डचा एक्सल का बसवायला लागले हे फारसं कुणी सांगत बसत नाही, आणि खरी मजा तर तिथेच आहे.

सत्तरच्या दशकात तेलाचे दोन झटके बसले आणि अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांची पार गोची झाली. आधीची चेरोकी अवाढव्य होती, मागे एएमसी २० (एएमसी म्हणजे तेव्हा जीप बनवणारी अमेरिकन मोटर्स) किंवा डाना ४४ सारखा दणकट एक्सल. मग एएमसीने नवी एक्सजे काढली ती जवळपास २१ इंच आखूड, ६ इंच अरुंद आणि वजनाला साडेचारशे किलोच्या आसपास हलकी, वेगळी चासी नाहीच, बॉडी आणि फ्रेम एकच. इंजिन काय, तर २.५ लिटरचं चार सिलिंडर नाहीतर जनरल मोटर्सकडून घेतलेलं २.८ लिटरचं व्ही६, ते जेमतेम ११५ हॉर्सपॉवरचं. आता एवढ्याशा ताकदीला आणि जेमतेम २८ इंची टायरना मोठा एक्सल कोण देणार? साडेसात इंचाच्या जरा वर क्राऊन (डिफरेन्शिअलमधला मोठा गिअर), २७ स्प्लाइनचे, म्हणजे टोकाला २७ दाते असलेले शाफ्ट, जाडी १.१७ इंच, झालं काम. मूळ डिझाईन एएमसीचंच, १९८५ मध्ये ते डानाकडे गेलं आणि डाना ३५ नाव पडलं. त्या गाडीला तो एक्सल अगदी योग्य होता, उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही.

गडबड झाली १९८७ ला. त्या वर्षी ४.० लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन आलं, १७३ हॉर्सपॉवर, त्याच वर्षी क्रायस्लरने एएमसी विकत घेतली, १९९१ ला तेच इंजिन १९० वर गेलं, आणि या सगळ्यात मागे बऱ्याच गाड्यांत तीच डाना ३५. डाना ४४ नावाला मिळायची, १९८७ ते ८९ मध्ये, तीही बहुतेक टोइंग पॅकेजवाल्या गाड्यांत, म्हणून आज ती सापडली की लोक सोनं सापडल्यासारखं सांगतात. नव्वदच्या दशकात क्रायस्लरने स्वतःचा ८.२५ इंची एक्सल काही गाड्यांत द्यायला सुरुवात केली, आधी २७ स्प्लाइनचा आणि १९९७ च्या आसपास २९ चा. गंमत बघा, एबीएस घेतलेल्या गाड्यांना मात्र साधारण डाना ३५ च यायची, म्हणजे जादा पैसे मोजणाऱ्याला कमजोर एक्सल. कुठला आहे ते गाडीखाली वाकून कव्हर बघितलं की कळतं, ३५ चं अंडाकृती, ८.२५ चं खालच्या बाजूला सपाट, ४४ चं षटकोनी.

बरं, तरी कंपनीतून आली तशी चालवली तर डाना ३५ वर्षानुवर्षं काही बोलत नाही. ती मोडते ती बहुतेक लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारं कुलूप टाकल्यावर. डिफरेन्शिअलची कल्पना जुनी, पॅरिसच्या ओनेसिफोर पेकरने १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी तिचं पेटंट घेतलं होतं, आणि साध्या उघड्या डिफरेन्शिअलचा गुण असा की ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं, त्यामुळे एक चाक हवेत गेलं की ते गरगर फिरतं आणि जमिनीवरच्यालाही तेवढाच तुटपुंजा टॉर्क मिळतो. गाडी अडकते, वैताग येतो, पण शाफ्ट वाचतो. लॉकर टाकला की ही सवलत संपली, सगळा जोर एका शाफ्टवर येऊ शकतो. आणि जोर किती, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८०, फोर व्हील ड्राइव्हची लो रेंज, म्हणजे जास्त जोराचा संथ गिअर, २.७२, मागच्या एक्सलचा रेशो ३.५५, गुणाकार केला की इंजिनाचा टॉर्क २७ पट होतो, वर ३३ इंची टायर आणि दगडात फसलेलं चाक. मोठ्या टायरसाठी ४.५६ चा रेशो टाकला तर पिनियन, म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर, अजून बारीक होतं ते वेगळंच. त्यात बहुतेक डाना ३५ मध्ये शाफ्ट आतल्या सी क्लिपने, म्हणजे सी आकाराच्या कडीने धरलेला असतो, शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर सरकू शकतो.

मग फोर्ड ८.८, म्हणजे ८.८ इंची क्राऊनचा फोर्डचा एक्सल, कसा आला? तर निव्वळ योगायोगाने. फोर्ड एक्सप्लोररचा मागचा एक्सल रुंदीला एक्सजेपेक्षा साधारण इंचभरच कमी, चाकाचे बोल्ट तेच, पाच बोल्ट साडेचार इंचांच्या वर्तुळावर, शाफ्ट ३१ स्प्लाइनचे आणि १.३२ इंच जाड. पिळाला टिकण्याची ताकद जाडीच्या घनावर जाते, म्हणजे दिसायला फरक एवढासा पण नुसत्या जाडीमुळे ताकद चाळीस टक्क्यांहून जास्त. १९९५ पासून वर डिस्क ब्रेकही. आणि एक्सप्लोरर इतक्या खपल्या होत्या की भंगारात ढीग. २००९ ला अमेरिकन सरकारने जुनी गाडी मोडीत काढा आणि नवीसाठी पैसे घ्या अशी योजना काढली, त्यात मोडीत देण्यात फोर व्हील ड्राइव्ह एक्सप्लोरर सगळ्यात वर होती. त्या कायद्यात इंजिन पुन्हा वापरायला बंदी होती, पण गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा एक्सल सुटा विकायला स्पष्ट परवानगी होती. असं घबाड परत मिळणार नाही.

फुकटात मात्र काही नाही. एक्सप्लोररमध्ये सस्पेन्शनचे पाटे एक्सलच्या खाली, एक्सजेत वर, म्हणून जुन्या बैठका कापून नव्या वेल्ड करायच्या आणि त्याआधी पिनियनचा कोन नीट लावायचा, नाहीतर सगळी गाडी थरथरते. नळ्या बिडाच्या हाऊसिंगमध्ये दाबून बसवलेल्या असतात, त्याही लोक वेल्ड करून घेतात. मागे प्रोपेलर शाफ्ट जोडायला योकऐवजी फ्लँज, हँडब्रेकच्या केबलची जुळवाजुळव, आणि पुढच्या एक्सलचा, म्हणजे डाना ३० चा रेशो मागच्याशी जुळलाच पाहिजे. माझं मत विचाराल तर ३१ इंची टायरपर्यंत २९ स्प्लाइनचा ८.२५ पुरतो, दुसऱ्या एक्सजेचा काढला तर वेल्डिंगशिवाय बसतो, एवढा खटाटोप कशाला. सी क्लिप त्यातही आहे आणि ८.८ मध्येही आहे, हे ८.८ चे भक्त सांगायचं विसरतात.

२००२ च्या मॉडेलला एक्सप्लोररने मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन घेतलं, त्यामुळे डिस्क ब्रेकवाला अख्खा एक्सल हवा असेल तर १९९५ ते २००१ एवढीच मॉडेल्स. उचलण्याआधी कव्हरच्या बोल्टवरची छोटी पत्र्याची पट्टी घासून वाचायची, ३ एल ७३ लिहिलं असेल तर रेशो ३.७३ आणि आत लिमिटेड स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला थोडा जोर देणारं डिफरेन्शिअल), मधे एल नसेल तर साधं उघडं. लिमिटेड स्लिप असलं तरी त्यातल्या क्लच प्लेटा एव्हाना झिजलेल्याच धरून चालायचं.