गाजरगवत आणि मेक्सिकन भुंगेरे: एका वादाची पार्श्वभूमी

गाजरगवताची चर्चा बहुधा गव्हापासून सुरू होते आणि तिथेच संपते. पुण्यात 1955 च्या सुमारास उकिरड्यांवर व पडीक जागांवर या वनस्पतीची तुरळक रोपे आढळली, पुढच्या वर्षी त्यांची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेतून आलेल्या धान्याकडे बोट दाखवले गेले. पण अमेरिकी धान्यमदतीच्या ज्या ‘पी. एल. 480’ करारावर हा ठपका ठेवला जातो, तो भारताशी झाला ऑगस्ट 1956 मध्ये, म्हणजे रोपे आढळल्यानंतर. अर्थात अमेरिकी गहू 1951 च्या कर्जातूनही आला होता, आणि 1814 साली प्रसिद्ध झालेल्या कलकत्त्याच्या एका वनस्पतीसूचीतही या वनस्पतीचे नाव आहे. बाग सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हा वाद निष्फळच म्हणावा लागेल, कारण कुंपणाच्या आत हे तण शिरते ते शेणखतातून, भरावाच्या मातीतून आणि रोपवाटिकेतल्या पिशव्यांतून.

सत्तरच्या दशकात पुण्यातूनच या तणामुळे होणाऱ्या त्वचादाहाची वृत्ते प्रसिद्ध होऊ लागली. कर्नाटकाने 1975 मध्ये ते कायद्याने उपद्रवी ठरवले. मात्र साधारण महिन्याभरात फुलोऱ्यावर येणारे आणि एकेका झाडापासून हजारो बिया मातीत सोडणारे तण अधिसूचनेने हटत नाही. खुरपणीसाठी मजूर मिळेनात, कारण अंगाला खाज सुटते; तणनाशकाने उभे झाड मरते, पण मातीतले बी पुढच्या पाण्याला पुन्हा उगवते. त्यामुळे या तणाच्या मूळ प्रदेशातील शत्रू आणण्याचा विचार पुढे आला.

मेक्सिकोतून 1983 मध्ये गाजरगवताची पाने खाणारे भुंगेरे आणले गेले. विलगीकरणात 40 च्या आसपास वनस्पतींवर त्यांची चाचणी झाली आणि 1984 मध्ये बंगळूर परिसरात ते सोडण्यात आले. पहिली काही वर्षे फारसे काही दिसले नाही. दशकाच्या अखेरीस मात्र पावसाळ्यात गाजरगवताचे ताटवे निष्पर्ण होऊ लागले, आणि लगोलग, नव्वदच्या दशकाच्या आरंभी, हेच भुंगेरे सूर्यफुलाची पाने खाताना आढळल्याच्या तक्रारी कर्नाटकातून आल्या. हा काळ तेलबियांच्या मोहिमेचा होता, सूर्यफुलाचे क्षेत्र वाढत होते, आणि गाजरगवत व सूर्यफूल एकाच कुळातले असल्याने शेतकऱ्यांची भीती निराधार म्हणता येणार नाही. सरकारने तथ्यशोधन समिती नेमली आणि भुंगेरे नव्याने सोडण्यावर बंधने घातली.

या निर्णयाचे समर्थन आजही केले जाते: परदेशी कीटक एकदा सुटला की परत बोलावता येत नाही, तेव्हा शंका असताना थांबणेच बरे. हे तत्त्व म्हणून मान्य. पण जे भुंगेरे मोकळ्यावर वाढून पसरू लागले होते, त्यांना ही बंधने लागू होणारच नव्हती. ती लागू झाली माणसांनी ते नव्या भागांत नेण्याला. दरम्यान झालेल्या प्रयोगांतून वेगळेच चित्र पुढे आले. शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले असतील, तर भुंगेरे तिथे तोंड लावत. निव्वळ सूर्यफुलावर त्यांची पैदास टिकत नव्हती. म्हणजे बांधावरचे गाजरगवत न काढणे हेच अर्धे कारण होते, आणि त्याविषयी मात्र कोणतेही बंधन निघाले नाही. दशक संपेपर्यंत वाद शमला आणि पुढे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत भुंगेरे वाटले जाऊ लागले. शेवंती, झेंडू, झिनिया लावणाऱ्यांच्या मनात त्या काळची धास्ती अजून शिल्लक आहे. पांढुरक्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला हा किडा दिसताच फवारणीचा पंप बाहेर निघतो आणि कामाला आलेला गडीच मारला जातो.

त्याच सुमारास दुसराही उपाय सुचवला गेला, तो टाकळ्याच्या जातकुळीतील एका अमेरिकी वनस्पतीने गाजरगवताला हटवण्याचा. ती आता दख्खनच्या माळांवर आणि रस्त्यांकडेला स्वतःच दाट माजली आहे, यापलीकडे त्या प्रयोगाविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. रासायनिक बाजूने पाहता, ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये काढली, आणि त्यानंतर मिठाच्या दाट द्रावणाची शिफारस घरगुती बागांसाठी पुन्हा जोर धरू लागली. मीठ झाड जाळते हे खरे, पण वाफ्यात ते वारंवार वापरल्यास मातीही खारावते.

भुंगेऱ्यांची एक मर्यादा आधीच्या वादात झाकली गेली, आणि बागेच्या संदर्भात तीच अधिक महत्त्वाची आहे. हे कीटक प्रामुख्याने पावसाळ्यात सक्रिय असतात. पाऊस ओसरल्यावर प्रौढ भुंगेरे जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातात आणि पुढच्या पावसाबरोबर वर येतात. माळरानावर त्या काळात गाजरगवतही सुकलेले असते, पण रोज पाणी मिळणाऱ्या बागेत ते हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही उगवत राहते. तिथे हातमोजे घालून, माती ओली असताना, फुलोऱ्याआधी मुळासकट उपटणे हाच उपाय उरतो. फुले येण्यापूर्वी उपटलेली रोपे कंपोस्टात चालतात. फुलोऱ्यानंतरची टाकल्यास बी खताबरोबर पुन्हा वाफ्यात येते. भुंगेरे टिकवायचे असल्यास कुंपणाकडेची एखादी पट्टी उन्हाळ्यात न खणता सोडावी, कारण सुप्त भुंगेरे तिथेच, वरच्या मातीत असतात.