अ‍ॅसिडच्या टाकीत पोलाद वाचतं कसं?

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या प्लेटिंगच्या शेडमध्ये शिरलं की सगळ्यात आधी घशाला अ‍ॅसिडचा ठसका लागतो. नटबोल्टांनी भरलेली जाळी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या टाकीत सोडतात आणि टाकी फसफसू लागते. जस्ताचा मुलामा नीट बसायचा तर पोलादावरचा गंज आणि भट्टीतून आलेली काळी पपडी आधी निघायला हवी. या कामाला तिथे पिकलिंग म्हणतात. अडचण एवढीच की पपडी संपली म्हणून अ‍ॅसिड थांबत नाही, ते खालचं लोखंडही खायला लागतं. लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन मागे सोडून द्रावणात उतरतो, ते इलेक्ट्रॉन अ‍ॅसिडमधले हायड्रोजनचे आयन उचलतात आणि वायूचा बुडबुडा होऊन वर येतात. फुटताना तो अ‍ॅसिडचे बारीक तुषार हवेत उडवतो. टाकीवर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातात ते हेच तुषार.

यावरचा उपाय जुना आहे. पूर्वी टाकीत कोंडा, सरस, काकवी असं काहीबाही घालत. पिकलिंगमध्ये काकवी आणि वनस्पती तेलं वापरण्याचं ब्रिटिश पेटंट १८९५ सालचं आहे. आज त्या जागी नेमकी संयुगं आली आहेत आणि लिटरमागे काही ग्रॅम पुरतात. त्यातलं हेक्झामिन तुम्ही पाहिलंही असेल. ट्रेकला जाणारे छोट्या स्टोव्हमध्ये ज्या पांढऱ्या वड्या जाळतात, त्या याच्याच.

एवढ्याशा पदार्थानं अ‍ॅसिड सौम्य होतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. अ‍ॅसिड तितकंच तिखट राहतं, म्हणून तर पपडी निघते. बदलतो तो लोखंडाचा उघडा पृष्ठभाग. हेक्झामिनच्या रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात आणि प्रत्येकाकडे बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनची एक जोडी असते. लोखंडाच्या अणूत अशा जोडीला जागा असते, त्यामुळे रेणू तिथे चिकटू शकतो. दुसरीही एक वाट आहे, आणि मला ती जास्त सुंदर वाटते. अ‍ॅसिडमध्ये नायट्रोजनवाले रेणू प्रोटॉन घेऊन धनभारित होतात. पोलादावर आधीच ऋणभारित क्लोराईड आयन बसलेले असतात आणि ते या रेणूंना ओढून घेतात. म्हणजे गंज वाढवणारं क्लोराईडच इथे रक्षकाला बसायला पाट मांडून देतं! टाकी तापवली मात्र की ही पकड बऱ्याचदा सैल होते.

किती वाचलं, हे तराजू सांगतो. समजा, साध्या अ‍ॅसिडमध्ये खिळ्याचं वजन ०.४० ग्रॅमनं घटलं आणि संयुग घातल्यावर ०.०४ ग्रॅमनं. म्हणजे बचाव ९० टक्के.

पण फक्त तराजूवर विसंबू नये, हे मी मुद्दाम सांगतो. बुडबुडा होण्याआधी हायड्रोजनचे सुटे अणू पोलादात मुरू शकतात. उच्च ताकदीचा बोल्ट मग ठिसूळ होतो आणि आवळल्यावर काही तासांनी तडकतो. थायोयुरियासारखी गंधकयुक्त संयुगं लोखंडाची झीज रोखतात, पण काही वेळा हायड्रोजनचं हे मुरणं वाढवतात. त्यामुळे मुरलेला हायड्रोजन निघून जावा म्हणून असे बोल्ट प्लेटिंगनंतर २०० अंश सेल्सियसच्या आसपास काही तास भट्टीत ठेवतात.

नाशिककराला यात घरचा माल दिसला नाही तरच नवल. कांद्याच्या सालीत क्वेर्सेटिन हे रंगद्रव्य असतं, द्राक्षाच्या चोथ्यात टॅनिन हे तुरट द्रव्य; हीही लोखंडाला चिकटू शकणारी संयुगं. दोन्हींच्या अर्कांचे पोलादावर प्रयोग झाले आहेत. आम्हीही कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून पाहिलं. लाल कांद्याची सालं उकळून गाळलेलं पाणी अ‍ॅसिडमध्ये पडताच गडद गुलाबी झालं. शेजारच्या बीकरमध्ये, नुसत्या अ‍ॅसिडमध्ये, खिळा बुडबुड्यांत दिसेनासा झाला होता आणि द्रावण हिरवट पडत चाललं होतं. गुलाबी बीकरमध्ये खिळ्याच्या टोकाशी एकेक बुडबुडा धरत होता, रेंगाळत होता, मग सुटत होता. मुलं ते मोजत बसली.

कारखान्याला मात्र रोज सारखाच परिणाम हवा असतो. अर्काला चार दिवसांत बुरशी आली, आणि उन्हाळ कांद्याची सालं लाल कांद्यासारखी वागतीलच असं नाही. म्हणून आता सालं सावलीत वाळवून पूड करून ठेवली आहे. दर महिन्याला त्याच बरणीतली पूड घ्यायची आणि खिळे तोलायचे, असं ठरलंय. पहिल्या महिन्याचे खिळे तोलून झालेत.