सौर प्लाझ्माचा अभ्यास आणि गोव्यातली वाट

गोव्यातली एखादी मुलगी फिजिक्समध्ये एमएस्सी करून ‘सूर्याच्या प्लाझ्मावर पीएचडी करते’ म्हणाली, की घरात पहिला प्रश्न येतो तो नोकरी कधी लागणार याचा. प्रश्न रास्त आहे. सूर्याचा प्लाझ्मा, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेला तप्त वायू, हा विषयच सावकाश उलगडत आलाय आणि त्यातली कारकीर्दही तशीच सावकाश उभी राहते.

सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस. त्याभोवतीचा कोरोना, म्हणजे सूर्याचं विरळ बाह्य वातावरण, एरवी दिसत नाही, तो खग्रास ग्रहणातच डोळ्यांना दिसतो. 1869 च्या ग्रहणात कोरोनाच्या प्रकाशाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा आढळली. प्रत्येक मूलद्रव्याच्या अशा रेषा ठरलेल्या असतात. ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी ती जुळेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी ‘कोरोनियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच गृहीत धरलं. ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची रेषा आहे, हे ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून स्पष्ट व्हायला सत्तर वर्षं लागली. लोखंडाचे एवढे इलेक्ट्रॉन सुटायचे तर तापमान दहा लाख अंशांच्या वर हवं. म्हणजे चुलीपासून दूर सरकावं तशी धग वाढत जावी, असा प्रकार! ही उष्णता नेमकी येते कुठून, यावर आजही प्रबंध लिहिले जातात.

1942 मध्ये स्वीडिश शास्त्रज्ञ आल्फवेन यांनी प्लाझ्मातल्या चुंबकीय लहरी मांडल्या. 1958 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी सूर्यापासून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहतो असं गणिताने दाखवलं, तेव्हा निबंध तपासणाऱ्या दोन्ही परीक्षकांनी तो नाकारला. त्या नियतकालिकाचे संपादक होते खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. निष्कर्ष त्यांनाही पटला नव्हता, पण गणितात चूक सापडेना, म्हणून त्यांनी तो छापला. 1962 मध्ये मरिनर-2 यानाने हा वारा प्रत्यक्ष मोजला. संशोधनाकडे वळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही हकीकत सांगायलाच हवी.

आपल्याकडे या कामाचा पाया तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत घातला गेला. 1909 मध्ये इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एव्हरशेड यांनी सूर्यडागांतला वायूचा प्रवाह तिथेच शोधला. पुढे उदयपूरची सौर वेधशाळा आणि उटीची रेडिओ दुर्बीण आली.

गोव्यात मुक्तीपूर्वी विज्ञानाच्या पदवीसाठी मुंबई नाहीतर धारवाड गाठावं लागे. 1962 मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघालं, 1985 मध्ये गोवा विद्यापीठ आलं. ग्रहताऱ्यांची गोडी असलेल्यांना पणजीत सार्वजनिक वेधशाळाही आहे.

एमएस्सीनंतर नेट, गेट किंवा जेस्ट ही पात्रता परीक्षा द्यायची आणि बंगळुरू, पुणे, उदयपूर, नैनिताल इथल्या संस्थांत मुलाखती द्यायच्या. जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधकाच्या शिष्यवृत्तीला, 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात. त्यानंतरचे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची कामं, बहुधा परदेशात आणि दोन-तीन वर्षांच्या कराराचे. माझ्या मते सगळ्यात कठीण काळ हाच, कारण लग्न, घर, आईवडिलांचं वय हे सगळं त्याच वर्षांत समोर येतं. कायम प्राध्यापकपद मिळेपर्यंत पस्तिशी गाठलेली असते.

2 सप्टेंबर 2023 ला सूर्याचा अभ्यास करणारं भारताचं आदित्य-एल1 यान झेपावलं. आज ते पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून सूर्य पाहतंय. त्याची निरीक्षणं आणि कोडाईकनालच्या शंभर वर्षांच्या जुन्या छायाचित्रांच्या प्लेट्स आता संगणकावर खुल्या आहेत. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातल्या किंवा फोंड्याजवळच्या फर्मागुढीच्या विद्यार्थ्यानेही एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हीच निरीक्षणं घ्यावीत आणि पायथन ही संगणकभाषाही त्यांच्यावरच शिकावी, असं मला मनापासून वाटतं. पीएचडीच्या मुलाखतीत अशा कामावर बोलता येतं.