विक्षिप्त माणूस आणि तट पाडणारा माणूस: घरमंडळीत दोघांशी एकसारखं वागून चालत नाही

घरमंडळीच्या, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमणाऱ्या लहान ख्रिस्ती मंडळीच्या, बैठकीत एक जण बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातल्या सत्तर सप्तकांच्या भविष्यवाणीचा हिशोब मांडायला लागतो आणि वीस मिनिटं थांबत नाही. दुसऱ्या एका मंडळीत दुसरा एक जण तेवढाच वेळ, तितक्याच पोटतिडकीनं पवित्रतेवर बोलतो. दोन्हीकडे ऐकणारे कंटाळतात, मंडळीचे वडील, म्हणजे तिचे पुढारी, अस्वस्थ होतात, नवीन आलेलं कुटुंब पुढच्या वेळी येत नाही. एका बैठकीपुरतं पाहिलं तर दोघांत काहीच फरक दिसत नाही. पण पहिला नुसता विक्षिप्त असू शकतो आणि दुसरा मंडळीत तट पाडणारा. पहिल्याला धीर आणि चौकट लागते, दुसऱ्याला मर्यादा आणि इशारा लागतो. उलटसुलट केलं तर निरुपद्रवी माणूस दुखावून कायमचा तुटतो आणि उपद्रवी माणसाला मंडळी फोडायला वर्षभराची सवड मिळते. हे दुसरं नुकसान जास्त वेळा होतं, कारण सहनशीलता हा सद्गुण आहे आणि चांगल्या वडिलांना तो सोडवत नाही.

मोठ्या मंडळीत ही अडचण एवढी टोचत नाही. तिथं व्यासपीठ असतं, कार्यक्रम ठरलेला असतो, विचित्र वाटणाऱ्या माणसापासून चार ओळी लांब बसता येतं. घरात बारा-पंधरा माणसं गोल करून बसतात आणि प्रत्येकाला बोलायची मुभा असते. साधा हिशोब करा: बारा जण, मोकळ्या सहभागासाठी ४५ मिनिटं, म्हणजे माणशी चार मिनिटंही नाहीत. एकानं वीस मिनिटं घेतली की उरलेल्या अकरा जणांना मिळून २५ मिनिटं राहतात. आधी गप्प होतात ते लाजाळू, नवे आणि दुःखात असलेले, म्हणजे ज्यांच्यासाठी अशी लहान बैठक सर्वांत मोलाची असते तेच.

फरक कुठे दिसतो

माणूस काय बोलतो यावरून फरक कळत नाही. विक्षिप्त माणसाची मतं कितीतरी टोकाची असू शकतात आणि तट पाडणाऱ्याचं शिक्षण (शिकवण) ऐकायला अगदी शुद्ध असू शकतं. फरक दिसतो तो तीन ठिकाणी: त्याला थांबवल्यावर, बैठक संपल्यावर आणि त्याच्याशी कुणी असहमत झाल्यावर.

थांबवल्यावर विक्षिप्त माणूस ओशाळतो, गोंधळतो, कधी रुसतो, पण थांबतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच करतो, कारण त्याला वेळेचं भान राहत नाही किंवा समोरच्यांचे चेहरे वाचता येत नाहीत. तो सगळ्यांसमोर विचित्र असतो आणि एकट्यातही तसाच असतो. त्याच्या विषयाला कंटाळणाऱ्यावर तो सूड उगवत नाही, बहुधा ते त्याच्या लक्षातही येत नाही.

तट पाडणाऱ्याला थांबवलं तर तो चारचौघांत सुरेख माफी मागतो. मग दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. ते सगळ्यांना जात नाहीत. नाराज असलेल्या किंवा नुकत्याच आलेल्या दोन-तीन घरांनाच जातात. मजकूर साधारण असा: ‘तुमच्याबद्दल प्रभूनं मला काही दाखवलंय. सध्या कुणाला सांगू नका, वडिलांना ते पेलणार नाही.’ या दोन वाक्यांत तीन खुणा आहेत: देवाच्या नावाचा अधिकार, गुप्तता आणि वडिलांबद्दल पेरलेला संशय. असा एकच निरोप वीस मिनिटांच्या दहा भाषणांपेक्षा गंभीर समजावा.

नव्या करारात दोन्ही नमुने आहेत. प्रेषितांची कृत्ये १८ मधला अपुल्लो आवेशानं बोलायचा, पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता, म्हणजे त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला आणि पुढे तो मंडळीच्या फार उपयोगी पडला. उलट योहानाच्या तिसऱ्या पत्रातला दियत्रफेस. त्याच्यावर चुकीच्या शिक्षणाचा आरोप तिथं नाहीच. तो पहिलं स्थान हवं म्हणून धडपडतो, प्रेषिताबद्दल वाईटसाईट बोलतो, येणाऱ्या बंधूंना घेत नाही आणि घेणाऱ्यांना मंडळीबाहेर काढतो. फक्त शिक्षण तपासणारे वडील म्हणूनच अशा माणसाला उशिरा ओळखतात.

विक्षिप्त माणसाशी

नियम सगळ्यांसाठी करा आणि बैठकीच्या सुरुवातीला मोठ्यानं सांगा: ‘आज प्रत्येकानं चार मिनिटांत आटोपायचं, वेळ मी पाहीन.’ एकट्यासाठी केलेला नियम अपमान वाटतो, सर्वांसाठीचा वाटत नाही. बैठक चालवणाऱ्यानं त्याच्या समोर न बसता शेजारी बसावं. हलकेच हात लावून थांबवता येतं आणि नजरेची झुंज होत नाही. थांबवताना त्याच्याच बोलण्यातला एक मुद्दा उचला आणि पुढच्या माणसाचं नाव घ्या: ‘देव काळ ठरवतो हे तुम्ही सांगितलंत, तेवढं धरून ताई, तुम्ही प्रार्थना कराल?’ नाव घेतलं नाही तर शांतता पडते आणि ती तोच भरून काढतो.

सूचक बोलणं इथं निरुपयोगी आहे. काही जणांना, विशेषतः स्वमग्नतेच्या छटा असलेल्यांना, आडून सांगितलेलं कळतच नाही. ‘तुम्ही चौथ्या मिनिटाला थांबा, मी दोन बोटं वर करीन’ हे त्यांना कठोर वाटत नाही, उलट सुटल्यासारखं वाटतं. त्यांच्या आवडत्या विषयाला बैठकीबाहेर जागा द्या: दोघा-तिघांसोबत महिन्यातून एकदा तासभर. आणि एक ठरलेलं काम द्या, जसं खुर्च्या लावणं, वचन वाचणं, गीतं निवडणं. काम मिळालं की लक्ष वेधून घ्यायची धडपड पुष्कळदा कमी होते.

‘मला थांबता येत नाही, आत्माच बोलवतो’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, १ करिंथकरांस १४ उघडा. तिथं दोघा-तिघांनीच संदेश द्यावा, इतरांनी तो पारखावा, बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्यानं गप्प राहावं, आणि संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात असं स्पष्ट आहे. म्हणजे थांबता येतं. त्याच वेळी १ थेस्सलनीकाकरांस ५ मधलं आत्म्याला न विझवणं आणि सर्व गोष्टींची पारख करणं, दोन्ही एकत्र धरा. नुसती पारख धरली तर बैठक कोरडी पडते.

तट पाडणाऱ्याशी

तीताला लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय अशा माणसाला एकदा, दोनदा बोध करायला सांगतो, मग त्याच्यापासून दूर राहायला. सात-आठ वेळा समजावत बसणं ही दया वाटते, पण प्रत्येक नव्या चर्चेत तो आणखी एका घराला आपल्याकडे ओढतो.

पहिला इशारा प्रकार कळल्यावर दोन-तीन दिवसांत, समोरासमोर आणि दोघा वडिलांनी मिळून द्यावा. त्याच्या स्वभावावर बोलू नका. एक कृती, तिची तारीख, एक मागणी, एवढंच. ‘मंगळवारी तुम्ही एका कुटुंबाला खासगीत सांगितलंत की मुलीचं लग्न मोडणं ही देवाची इच्छा आहे. लग्न, नोकरी, पैसा आणि औषधोपचार यांबद्दलचा कुठलाही संदेश यापुढे आधी आम्हा दोघांकडे आणायचा.’ घरी आल्यावर त्याच दिवशी काय बोलणं झालं ते लिहून ठेवा. नोंद नसली की महिन्याभरानं ‘मला असं कुणी सांगितलंच नाही’ हे ऐकावं लागतं आणि तुमच्यातच मतभेद होतात.

दुसरा इशारा साक्षीदारांसमोर आणि लेखी. त्यात पुढचं पाऊल काय असेल तेही लिहा, नाहीतर तो निर्णय रागाच्या भरात घेतल्यासारखा वाटतो. त्यानंतरही चालूच राहिलं तर बैठकीला येणं बंद, आणि सगळ्या मंडळीला तीन-चार वाक्यांत कळवा: काय घडलं, किती वेळा सांगितलं, काय ठरलं. जेवढं झाकाल तेवढी कुजबुज वाढते. तपशिलात शिराल तर तीच निंदा होते.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे एकाला सांगायचं ते सगळ्यांना उपदेशातून सांगणं. ज्याला लागायला हवं त्याला ते लागत नाही, आणि हळव्या मनाचा विक्षिप्त माणूस ते स्वतःवर ओढवून घेऊन यायचा थांबतो.

ज्याच्या घरी मंडळी जमते तोच तसा असेल तर? मग इशाऱ्याआधी बैठकीची जागा बदला. दार ज्याचं त्याच्याच घरात बसून त्याला मर्यादा घालता येत नाही. वडीलच तसा असेल तर १ तीमथ्य ५ प्रमाणे दोन-तीन साक्षीदार लागतात, आणि त्यानं न नेमलेल्या दुसऱ्या मंडळीतल्या दोन परिपक्व वडिलांना बोलवावं. बाहेरून येणाऱ्या फिरत्या सेवकांसाठी दिदाखे या अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणातली कसोटी अजून उपयोगी आहे: आत्म्यात बोलतो म्हणून स्वतःसाठी पैसे मागणाऱ्याचं ऐकू नये.

दोन्हींत न बसणारं

एरवी शांत असलेला माणूस काही दिवसांतच बदलला, रात्री दोन-तीन तासांवर झोपतो, अखंड बोलतो, अफाट खर्च करतो किंवा आवाज आपल्याला हुकूम देतात असं सांगतो, तर हा विक्षिप्तपणाही नाही आणि तटही नाही. त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, घरच्यांना कळवा. प्रार्थना जरूर करा, पण उपासाचा आग्रह धरू नका आणि चालू औषधं बंद करायला कुणालाही सांगू देऊ नका. जीव द्यायची किंवा घ्यायची भाषा असेल तर एकटं सोडू नका, तातडीची मदत बोलवा.

मारहाण, लैंगिक छळ किंवा मुलांना धोका असेल तर मत्तय १८ च्या पायऱ्या (आधी एकांतात, मग साक्षीदारांसह, मग मंडळीसमोर) लावत बसू नका. पीडिताला ‘आधी एकांतात जाऊन सांग’ म्हणणं म्हणजे तिला पुन्हा छळणाऱ्याच्याच तावडीत देणं. थेट पोलिसांकडे जायचं.

परत येणारा

दूर केलेला माणूस परत येऊ शकतो. २ करिंथकरांस २ मध्ये पौल म्हणतो की अशाला झालेली शिक्षा पुरे, आता क्षमा करून धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. दार उघडताना मात्र क्रम पाळावा. आधी दोघा वडिलांसमोर त्यानं घडलेलं स्वतःच्या शब्दांत सांगावं. मग ज्या घरांना त्यानं फोन केले होते त्या प्रत्येक घरी एका वडिलांना सोबत घेऊन जाऊन ते दुरुस्त करावं. त्यानंतर बैठकीला यावं, पहिले काही महिने न शिकवता. बहुतेकांची पारख दुसऱ्या पायरीवर होते: जो खरोखर वळला आहे तो त्या घरांची यादी स्वतः देतो, आणि त्यात तुम्हाला ठाऊक नसलेलं एखादं घरही असतं.