पेनड्राइव्हमधले फोटो गेलेले नसतात, लपवलेले असतात

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला, घरी येऊन कॉम्प्युटरला लावला आणि बघतो तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटासा बाण आलाय, साइज 1 नाहीतर 2 केबी. इथे बहुतेक जण एकतर घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट मारतात नाहीतर ओळखीतल्या पोराला फोन लावतात आणि तो म्हणतो विंडोज परत टाकावं लागेल. थांबा जरा. आधी पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, 16 जीबीतले 11 जीबी भरलेले दिसतायत ना, मग फोटो तिथेच आहेत.

झालंय काय, तर विंडोज फाइल्सना काही खुणा लावून ठेवतं, त्यातली एक हिडन आणि एक सिस्टम, आणि व्हायरसने तुमच्या फोल्डरना या दोन्ही लावल्यात. नुसती हिडन असती तर 'हिडन आयटम्स'वर टिक केल्यावर फोल्डर दिसले असते. पण दोन्ही एकदम असल्या की ती विंडोजची स्वतःची फाइल समजली जाते आणि टिक करूनही दिसत नाही, त्याची सेटिंग वेगळी असते. मग व्हायरस त्याच नावाचे शॉर्टकट बनवून ठेवतो. त्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टार्गेट वाचा (डबल क्लिक मात्र अजिबात नको), साधारण असं असतं की आधी डब्ल्यूस्क्रिप्टने (विंडोजमधला स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) अमुक फाइल चालव आणि मग खरं फोल्डर उघड. म्हणजे फोल्डर खरंच उघडतं, फोटो दिसतात, कुणाला शंकाच येत नाही. डोकं लावलंय, मानलं पाहिजे.

आधी एवढा खटाटोप लागत नव्हता. पेनड्राइव्ह लावला की ऑटोरनमुळे आतलं सगळं आपोआप चालू व्हायचं, 2008 चा कॉन्फिकर व्हायरस नेटवर्कवरून आणि असाही पसरला. फेब्रुवारी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपी आणि व्हिस्टाला अपडेट पाठवून पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं, मग क्लिक आपल्याच हातून करवून घेणं आलं.

आता साफसफाई, आणि इथेच लोक क्रम चुकवतात. पेनड्राइव्ह साफ केला, परत लावला, दोन सेकंदांत बाण हजर. कारण एकदा क्लिक झालं की ती स्क्रिप्ट कॉम्प्युटरमध्ये स्वतःची कॉपी ठेवते, स्टार्टअपमध्ये नाव घालते आणि नवीन ड्राइव्ह लागलाय का हे सारखं बघत बसते. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. म्हणून आधी पेनड्राइव्ह काढा, नेट बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट दिसलं तर एंड टास्क, स्टार्टअप टॅबमध्ये अनोळखी नाव असेल तर डिसेबल. मग विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) ऑफलाइन स्कॅन, साधारण 15 मिनिटं लागतात. साधा स्कॅन का नको, तर विंडोज चालू असताना व्हायरसपण चालू असतो आणि स्वतःला लपवू शकतो, ऑफलाइनमध्ये तुमचं नेहमीचं विंडोज सुरूच होत नाही त्यामुळे त्याला हालचाल करता येत नाही.

हे झाल्यावर पेनड्राइव्ह लावून तोही स्कॅन करा, मग काळ्या विंडोत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आधी त्याच ड्राइव्हवर जाऊन त्या खुणा काढणारी ॲट्रिब कमांड, फोनवर सांगायची तर वजा एच, वजा आर, वजा एस, स्लॅश एस, स्लॅश डी. फोल्डर परत दिसले की शॉर्टकट डिलीट. कधी कधी नाव नसलेलं एक फोल्डर सापडतं, ते घाईत उडवू नका, काही व्हायरस सगळा माल त्यातच सरकवून ठेवतात.

माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे काय, असं बरेच जण म्हणतात. पेनड्राइव्हवरून पसरणाऱ्या अँड्रोमेडा व्हायरसचं जाळं नोव्हेंबर 2017 मध्ये युरोपोल आणि एफबीआयने मिळून तोडलं, तेव्हा 48 तासांत सुमारे 20 लाख आयपी ॲड्रेस त्यात अडकलेले दिसले. असे कॉम्प्युटर भाड्याने दिल्यासारखे वापरतात, पासवर्डही चोरतात. तेव्हा मेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या साफ डिव्हाइसवरून बदला. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर सफाईची टूल्स फुकट मिळतात.

डिफेंडरच उघडत नसेल तर मात्र विंडोज परत टाकायचंच, पण दुकानदार नुसता सी फॉरमॅट करून देत असेल तर त्याला थांबवा, डी आणि ई मधली एखादी लागण झालेली फाइल नव्या विंडोजवर उघडली की परत तेच सुरू.