चार किलोचं बाळ म्हणजे निरोगीच, असं नाही

लातूर-बीडकडं बाळंतिणीला भेटायला गेलं की पहिला प्रश्न वजनाचा. चार किलोच्या वर ऐकलं की सगळे खूष. पण वजन जास्त म्हणजे तब्येत चांगली, हा समज चुकीचा आहे. बऱ्याचदा यामागं आईची गरोदरपणात वाढलेली साखर असते. ती वारेतून बाळाला मिळते, बाळाचं शरीर जादा इन्सुलिन (रक्तातली साखर कमी करणारं संप्रेरक) बनवतं, चरबी साठते. प्रसूतीत खांदा अडकू शकतो. आईला खोल जखमा, जास्त रक्तस्राव होऊ शकतो. नाळ कापल्यावर आईकडची साखर थांबते, इन्सुलिन मात्र लगेच कमी होत नाही. मग गुटगुटीत दिसणाऱ्या बाळाचीही साखर एकदम उतरते, ते सुस्त पडतं, आणि घरच्यांना वाटतं, शांत झोपलंय! म्हणून तासाभरात अंगावर पाजाच. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी होणारी रक्ततपासणी गरोदरपणात दवाखान्याच्या पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्या.