विद्यापीठ ग्रंथालय (ज्ञानस्रोत केंद्र)

विद्यापीठात व त्याच्या संलग्न महाविद्यालयांत अध्यापन, अध्ययन आणि संशोधन यांसाठी लागणारे साहित्य मिळवणारी, त्याची नोंद ठेवणारी, ते जपणारी आणि वाचकापर्यंत पोहोचवणारी संस्था म्हणजे विद्यापीठ ग्रंथालय. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ आल्यापासून राज्यातील विद्यापीठांत या संस्थेला ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे नाव मिळाले असून ग्रंथपालाच्या जागी या केंद्राचा संचालक असतो. पुण्याचे जयकर ग्रंथालय, कोल्हापूरचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय यांच्या पाट्याही त्यानुसार बदलल्या. विद्यार्थी मात्र अजून ‘लायब्ररी’च म्हणतात. नाव बदलण्यामागे जो प्रश्न होता तो खरा आहे: लेख आणि पुस्तके पडद्यावर मिळू लागल्यावर विद्यापीठाला ग्रंथालय कशासाठी लागते, आणि ते लागत राहावे म्हणून ग्रंथालयाने काय करायला हवे. या नोंदीत मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. ग्रंथालयाची इमारत उभी राहायला त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १८६९ ते १८७८ या काळात फोर्टमधील ग्रंथालय व त्यावरचा राजाबाई मनोरा बांधून झाला. मनोऱ्याला नाव देणगीदाराच्या आईचे आहे. सुरुवातीच्या काळात विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होती, शिकवण्याचे काम महाविद्यालयांत चाले. त्यामुळे ग्रंथालयाची इमारत भव्य आणि वाचक मोजके, अशी स्थिती होती. विद्यापीठ जे काम करते त्याच्याशी ग्रंथालयाचा सांधा जुळला नाही, तर उत्तम वास्तूही त्याला उपयोगात आणू शकत नाही, हा धडा या पहिल्याच उदाहरणात दिसतो.

ग्रंथालयाकडे शास्त्र म्हणून पाहण्याची सुरुवात पश्चिम भारतात बडोद्यात झाली. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणायला घेतले आणि त्यासाठी प्रशिक्षणवर्गही सुरू केला. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा, आणि ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, अशी ती सूत्रे होत. रंगनाथन मूळचे गणिताचे अध्यापक. कदाचित म्हणूनच ही सूत्रे इतकी आटोपशीर आहेत. ‘ग्रंथ’ या शब्दाच्या जागी ‘लेख’, ‘विदासंच’ किंवा ‘ध्वनिफीत’ घातले तरी चौथे सूत्र जसेच्या तसे लागू पडते, आणि आजच्या ग्रंथालयाची कसोटी प्रामुख्याने त्याच सूत्राने लागते.

स्वातंत्र्यानंतर डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठाने आपल्या अंदाजपत्रकाचा सव्वासहा टक्के भाग ग्रंथालयावर खर्च करावा, अशी शिफारस केली होती. रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये ग्रंथालय समिती नेमली. त्या काळात ग्रंथालयाचा मोठेपणा ग्रंथसंख्येत मोजला जाई: दाखल नोंदवहीतला शेवटचा आकडा हीच प्रतिष्ठा असे.

ही मोजपट्टी नियतकालिकांनी मोडली. विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी संशोधनपत्रिकांच्या वर्गण्या इतक्या वाढल्या की ग्रंथालये एकेक पत्रिका बंद करू लागली आणि बांधीव अंकांच्या रांगा मध्येच तुटू लागल्या. यावर एकत्रित खरेदी हा उपाय निघाला. त्याचे केंद्र असलेल्या इन्फ्लिबनेट या संस्थेचा जन्म पुण्याच्या गणेशखिंडीतला आहे. आयुका या खगोलविज्ञान केंद्रात १९९१ मध्ये प्रकल्प म्हणून ती सुरू झाली, १९९६ मध्ये स्वतंत्र आंतरविद्यापीठ केंद्र बनली आणि गुजरातेत स्थिरावली. विद्यापीठांसाठीची सामाईक वर्गणी २००४ पासून, महाविद्यालयांसाठीची ‘एन-लिस्ट’ ही योजना २०१० पासून, आणि या व इतर योजना एकत्र करणारी ‘ई-शोधसिंधू’ २०१५ पासून चालू झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर करून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. तीत ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका ६,३०० हून अधिक संस्थांना खुल्या करण्याचे ठरले. योजनेचा पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील शिक्षणसंस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे. महाराष्ट्रातील फार मोठ्या संख्येने महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांनी काढलेली व चालवलेली आहेत, त्यामुळे हा तपशील येथील ग्रंथपालाने नीट वाचण्यासारखा आहे.

एकत्रित खरेदीने ग्रंथालयाच्या कामाचे स्वरूप मुळातून बदलले. पूर्वी विकत घेतलेला अंक मालकीचा होऊन कपाटात राहत असे. वर्गणी थांबली तरी आधीचे अंक कोणी घेऊन जात नसे. आता बहुधा वाचण्याची परवानगी तेवढी विकत घेतली जाते, ती मुदतीची असते, आणि मुदत संपल्यावर मागच्या अंकांचे काय होणार हे करारातल्या एखाद्या कलमावर अवलंबून असते. काय घ्यायचे हेही केंद्रात ठरते. गडचिरोलीच्या आणि दक्षिण मुंबईच्या संशोधकाला एकच पत्रिका एकाच दिवशी वाचता येणे ही मोठी गोष्ट आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. मात्र तेच साहित्य सर्वत्र सारखे मिळू लागले की निव्वळ साहित्य पुरवणे हे कोणत्याही एका ग्रंथालयाचे वैशिष्ट्य उरत नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीत हे लख्ख दिसले: वाचनकक्ष बंद झाले, आणि घरून प्रवेश मिळण्यासाठी लागणारी खाती ज्यांनी आधीच विद्यार्थ्यांना उघडून दिली होती ती ग्रंथालये चालू राहिली, उरलेल्यांची वर्गणी भरलेली असूनही दारे मिटली.

मग ग्रंथालयाचे स्वतःचे काम कोणते उरते? मराठी विद्यापीठांपुरते उत्तर द्यायचे तर सर्वांत मोठे काम मराठी साहित्याच्या नोंदींचे आहे. वर्गणीतून मिळणाऱ्या पत्रिका जवळजवळ सर्व इंग्रजी आहेत. मराठीतील जुनी नियतकालिके, गॅझेटियरे, संस्थांचे अहवाल, शतकमहोत्सवी स्मरणिका, प्रबंध हे कोणत्याही परदेशी प्रकाशकाच्या गठ्ठ्यात येत नाहीत. ते ज्या ग्रंथालयात आहेत तेथेच आहेत, आणि बरेचदा तेथेही सापडत नाहीत. ग्रंथांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई वर्गीकरणात संपूर्ण मराठी साहित्याला ८९१.४६ या एका क्रमांकाखाली जागा मिळाली आहे. दलित आत्मकथन, ग्रामीण कथा, संतवाङ्मयावरील टीका हे वेगळे ओळखू यायचे तर तेवढ्याच जागेत बारीक उपविभाग पाडणारा जाणकार लागतो. तालिका, म्हणजे ग्रंथांची सूची, संगणकावर आणताना अनेक ठिकाणी मराठी शीर्षके रोमन लिपीत भरली गेली. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव एकाने ‘डीएन’ने, दुसऱ्याने ‘जेएन’ने, तिसऱ्याने ‘जीवाय’ने सुरू केले, आणि एकाच विषयावरची पुस्तके तीन ठिकाणी विखुरली.

देवनागरीत भरलेल्या नोंदींतही अडचण संपत नाही, ती फक्त बारीक होते. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द शोधचौकटीत टाकणाऱ्या विद्यार्थ्याला एकही पुस्तक दिसत नाही आणि तो ‘इथे काही नाही’ म्हणून निघून जातो. पुस्तके मात्र चार पावलांवरच्या मांडणीत उभी असतात. कारण असे की मराठीतला हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रमाण अक्षरसंकेतात, दोन तऱ्हांनी उमटवता येतो: एकदा खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच गत आहे. शोधप्रणालीत दोन्ही रूपे एकच मानण्याची सोय करणे हे एका जाणत्या तंत्रज्ञाचे आणि एका मराठी जाणणाऱ्या ग्रंथपालाचे मिळून थोड्या दिवसांचे काम आहे. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ‘कोहा’ ही मुक्त संगणकप्रणाली किंवा इन्फ्लिबनेटची ‘सोल’ वापरली तरी हे काम तयार मिळेलच असे नाही. ते येथेच कोणीतरी तपासावे लागते. ग्रंथालयाच्या उपयुक्ततेवरच्या चर्चांत नव्या इमारती आणि यंत्रे यांचा उल्लेख वारंवार येतो, या अर्ध्या ‘र’चा क्वचित येतो. वस्तुतः वाचकाचा वेळ वाचवण्याचे सूत्र येथे अगदी शब्दशः लागू होते.

प्रबंधांच्या बाबतीतही हेच. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारात जमा करण्याची पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर रुळली, आणि ते चढवण्याचे काम ग्रंथालयाकडे आले. पाठोपाठ २०१८ च्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या: दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, त्यापुढे चाळीसपर्यंत सुधारून पुन्हा सादर करणे, साठपर्यंत वर्षभर मनाई, आणि साठच्या वर नोंदणी रद्द. साम्य तपासणीचा अहवाल बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातून मिळतो, त्यामुळे संशोधक विद्यार्थी प्रबंधाच्या अखेरीस एकदा तरी ग्रंथपालासमोर बसतोच. मराठी प्रबंध जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असेल तर यंत्राला तो रोमन अक्षरांची निरर्थक रांग म्हणून दिसतो. साम्य शून्य निघते आणि कोणाचीही खात्री पटत नाही. शिवाय असा प्रबंध भांडारात गेला तरी त्यातला एकही शब्द शोधता येत नाही. म्हणून नोंदणीच्या वेळीच, म्हणजे चार-पाच वर्षे आधी, युनिकोडमध्ये लिहिणे, टिपणे ठेवणे, संदर्भ देण्याची रीत आणि अवतरणाची मर्यादा शिकवणे हे ग्रंथालयाचे अध्यापनकार्य ठरते. ते अखेरच्या आठवड्यात दंड म्हणून पुढे येण्याऐवजी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून यावे.

वाचनकक्षाचे स्वरूपही बदलले आहे. सकाळी दार उघडण्याआधीच बाहेर रांग लागलेली असते. पिशव्या बाहेरच्या फळीवर जातात आणि वही, पाण्याची बाटली व स्वतःची पुस्तके घेऊन मुले-मुली ठरलेल्या जागी बसतात. त्यांतील पुष्कळ जण राज्यसेवा किंवा इतर स्पर्धा परीक्षांची तयारी करतात आणि ग्रंथालयाचे एकही पुस्तक मागत नाहीत. काही ग्रंथपालांना ही ग्रंथालयाची अभ्यासिका झाल्याची खूण वाटते. परंतु दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या विद्यार्थ्याला शांत खुर्ची, दिवा आणि पंखा देणे ही कमी दर्जाची सेवा नव्हे. ज्या ठिकाणी वाचनकक्षातच संदर्भसेवेचे टेबल हलवले जाते तेथे हाच वाचक हळूहळू आयोगांचे मूळ अहवाल, जनगणनेचे खंड आणि विधिमंडळाची कागदपत्रे मागू लागतो.

ग्रंथालये बंदद्वार, म्हणजे वाचकाला कपाटापर्यंत जाऊ न देणारी, का राहिली याचे एक कारण हिशेबात आहे. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्याकडून होईल या भीतीने कपाटांना कुलपे लागत. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत मात्र वर्षभरात दिल्या-वाचलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी, त्यामागे अप्रामाणिकपणा वा हयगय नसेल तर, रास्त मानली आहे. पन्नास हजारांहून मोठ्या संग्रहाची पडताळणीही नमुन्यादाखल करण्याची मुभा आहे. राज्यातील संस्थांना त्यांचे स्वतःचे नियम असले तरी हे तत्त्व त्यांनी स्वीकारण्यासारखे आहे, कारण उघड्या मांडणीत शेजारचे पुस्तक दिसते आणि तालिकेतल्या शोधाला ते कधीच जमत नाही. ग्रंथपालाचे पद रिक्त ठेवून कारभार लिपिकावर सोपवल्यास मात्र यातले काहीच होत नाही.

स्थानिक संग्रह हे विद्यापीठ ग्रंथालयाचे खरे वेगळेपण होय. गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह आहे, आणि पोर्तुगीज व मराठी साधनांवर काम करणाऱ्याला तेथे जावेच लागते. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांचे अधिकृत संग्रहस्थान आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या परिसरात असे काही तरी असते: बंद पडलेल्या साप्ताहिकाची फाइल, सहकारी कारखान्याचे वार्षिक अहवाल, एखाद्या शिक्षकाने जमवलेली बोलीतली गाणी, निवृत्त प्राध्यापकाच्या माळ्यावरची पत्रे. यांतले बरेच रद्दीत जाण्याच्या बेतात असते. ते मागून आणणे, वाळवीपासून वाचवणे, हक्काचा प्रश्न पाहून त्याची प्रतिमा घेणे आणि देवनागरीत शोधता येईल अशी नोंद करणे, एवढ्या चार पायऱ्या पुऱ्या झाल्या की त्या विद्यापीठाकडे वाचक दुसऱ्या विद्यापीठांतून येऊ लागतात.